महसीर गळमासेमारी

महसीर या मोठ्या, खवलेदार माशाला गळ, दोरी आणि काठी वापरून पकडण्याचा दक्षिण आशियातील नद्यांवरचा हौशी प्रकार. यात मासा विक्रीसाठी किंवा उपजीविकेसाठी धरला जात नाही. तो मोजून, वजन नोंदवून पुन्हा पाण्यात सोडणे हाच अलीकडे बहुतेक ठिकाणी नियम आहे. रोहू आणि कटला ज्या सायप्रिनिडी कुलातले, त्याच कुलातील टॉर प्रजातीच्या माशांना महसीर म्हणतात. तिच्या अनेक जातींपैकी गरवणाऱ्यांच्या (गळाने मासे धरणाऱ्यांच्या) दृष्टीने तीन महत्त्वाच्या आहेत : हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतील सोनेरी महसीर (टॉर प्युटिटोरा), दख्खन व सह्याद्रीतील नद्यांची निळ्या परांची खडशी (टॉर खुद्री) आणि केवळ कावेरी खोऱ्यात आढळणारा, पाठीवर उंचवटा असलेला नारिंगी परांचा महसीर (टॉर रेमादेवी).

प्राचीनता : हा छंद इंग्रजांनी भारतात आणला, अशी समजूत इंग्रजी शिकारसाहित्यामुळे रूढ झाली आहे. ती पूर्णपणे मान्य करता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (भूलोकमल्ल) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत (वीस प्रकरणांच्या भागात) राजाच्या करमणुकी वर्णिल्या आहेत आणि त्यांत ‘मत्स्यविनोद’ (विनोद म्हणजे करमणूक) हे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी ओळींमुळे परिचित आहे. मत्स्यविनोदाकडे मात्र त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले. ग्रंथाच्या काळाविषयी एकवाक्यता नाही. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लिहिलेल्या लेखात ११२७ हे वर्ष धरले आहे, काही अभ्यासक ११३१ च्या सुमाराचा काळ देतात. ग्रंथातच गणितासाठी शके १०५१ चा उल्लेख असल्याने ११२९ किंवा त्यानंतर लगेचचा काळ अधिक सयुक्तिक वाटतो.

होरांच्या वाचनानुसार या प्रकरणात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे येतात. त्यांची विभागणी समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, तसेच मोठे, मध्यम व लहान अशी केली आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, दोरी, काठी व गळ कसे असावेत आणि गळाला लागलेला मासा कसा खेळवावा, याचेही विवेचन आहे. ‘खेळवणे’ ही गोष्ट येथे निर्णायक मानली पाहिजे. पोटासाठी मासे मारणाऱ्याला जाळे, सापळा किंवा विषारी वनस्पती अधिक सोयीची असते. माशाची ओढ अनुभवण्यासाठी एकेक मासा दोरीवर दमवत आणणे हे हौशी गरवण्याचे लक्षण आहे. इंग्लंडमधील गळमासेमारीवरचा पहिला छापील प्रबंध १४९६ चा आहे. त्याच्या साडेतीन शतके आधी दख्खनमध्ये हा विनोद शास्त्र म्हणून मांडला गेला होता, एवढे विधान निःशंकपणे करता येते. मानसोल्लासातील कोणते नाव आजच्या कोणत्या जातीचे, याविषयी मात्र होरांची ओळखपट्टी सर्वांनी स्वीकारलेली नाही. तुंगभद्रा आणि कृष्णेच्या खोऱ्यात खडशीचा वावर होता हे पाहता राजाच्या मोठ्या खवलेदार माशांत ती असणे संभवनीय आहे. त्यापुढे जाऊन एखाद्या नावावर बोट ठेवणे धाडसाचे होईल.

जातींचा घोळ : टॉर प्रजातीच्या वर्गीकरणाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा परिणाम थेट नदीतल्या माशांवर झाल्याने तो येथे सविस्तर देणे आवश्यक आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात टॉर आणि प्युटिटोरा या जातींची वर्णने दिली. मुंबई सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन केले, त्याचे प्रकाशनवर्ष सामान्यतः १८३९ धरले जाते. त्यांनी खुद्री ही जाती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठा नदीतून, तर मुसुल्ला ही शिरूरजवळच्या घोड नदीतून नोंदवली. दोन्ही नावे उघडच स्थानिक कोळ्यांच्या तोंडची आहेत.

पुढे कावेरीतील उंचवट्याच्या पाठीच्या महसीराला अनेक लेखकांनी साइक्स यांचेच ‘मुसुल्ला’ हे नाव दिले आणि ते दीर्घकाळ चालत राहिले. साइक्स यांचा मुसुल्ला मुळात महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीत मोडतो, असे मत २०१३ च्या सुमारास मांडण्यात आले आणि सध्या तेच अधिक ग्राह्य मानले जाते. परिणामी शंभर वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगातले गरवणारे ज्याच्या शोधात कावेरीवर येत होते, त्या माशाला शास्त्रीय नावच उरले नाही. नामशेष होण्याच्या धोक्याचे अधिकृत मूल्यांकन नावावाचून होत नाही, त्यामुळे ही केवळ पंडिती अडचण नव्हती. २०१८ मध्ये भारतीय व ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने शरीररचना आणि जनुकीय पुराव्यांच्या आधारे तो २००७ मध्ये केरळातील पांबार या कावेरी खोऱ्यातल्याच नदीतून वर्णिलेला टॉर रेमादेवी असल्याचे दाखवले. लगोलग त्याची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली.

वसाहतकाळ : मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस यांचा भारतातील गळमासेमारीवरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. थॉमस यांनी महसीराला ओढीच्या बाबतीत सामन माशापेक्षा सरस ठरवले आणि या मताचा प्रभाव पुढच्या सर्व लेखनावर दिसतो. दक्षिण कानडा जिल्ह्यात काम करताना त्यांनी नदीतील माशांच्या पिल्लांच्या नाशाकडे सरकारचे लक्ष वेधले होते. गरवणाऱ्यांची संरक्षणदृष्टी अलीकडची नाही याचा हा चांगला दाखला आहे. पाणवठ्यात सुरुंग फोडणे व विष कालवणे यांना मनाई करणारा भारतीय मत्स्योद्योग कायदा १८९७ चा. विक्रमी माशांपैकी १९१९ मध्ये कावेरीत मिळालेला ११९ पौंडांचा आणि १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा (सुमारे ५४ किग्रॅ.) हे दोन प्रसिद्ध आहेत. दुसरा विक्रम आजही उल्लेखिला जातो. त्या काळी मासा मारून त्याचे छायाचित्र काढणे किंवा तो पेंढा भरून ठेवणे हीच रीत होती.

साधने व तंत्र : महसीराच्या जबड्यात दात नसतात. त्याच्या घशात दातांच्या तीन ओळी असतात आणि त्यांनी तो खेकडे व शिंपले फोडून खातो. कच्च्या लोखंडाचा गळ तो चुरडतो किंवा सरळ करतो, म्हणून जाड तारेचा, घडवलेला गळ घ्यावा लागतो. ओठ मांसल व लवचिक असल्याने गळ एकदा नीट रुतला की सहसा सुटत नाही. मासा निसटतो तो बहुधा दोरी खडकावर घासून तुटल्याने. आमिष उचलताच महसीर प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो ती शंभर मीटरहूनही लांब जाऊ शकते. तेव्हा काठीवरच्या, दोरी गुंडाळण्याच्या चाकावर भरपूर दोरी असावी आणि चाकाचा अटकाव (दोरी सुटताना होणारा रोध) आधीच बेताने सैल लावलेला असावा. धाव चालू असताना तो आवळणे म्हणजे दोरी तोडून घेणे होय. मासा खडकाआड दडून बसल्यास गरवणाऱ्याने नावेतून किंवा काठाकाठाने जाऊन दोरीचा कोन बदलावा. कावेरीवर यासाठी बांबूची, टोपल्यासारखी गोल नाव वापरली जाते.

कावेरीवरचे ठरलेले आमिष म्हणजे शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा. तो लिंबापासून संत्र्याएवढा असतो, कारण लहान गोळा इतर मासे लगेच संपवतात. त्याशिवाय खेकडाही लावतात. उत्तरेकडच्या थंड, वेगवान नद्यांत चकाकणारी धातूची चमची, माशाच्या आकाराचे लाकडी वा प्लास्टिकचे बनावट आमिष आणि पिसांची माशी अधिक चालते. जागा निवडताना खळाळाच्या तळाशी जिथे पाणी डोहात शिरते तो भाग, मोठ्या धोंड्यांच्या मागची संथ पट्टी आणि दोन प्रवाहांचा संगम पाहावा. बर्फाचे गढूळ पाणी आणि झऱ्यांवर चालणाऱ्या उपनदीचे स्वच्छ, किंचित उबदार पाणी जिथे मिळते तिथे सोनेरी महसीर थांबतो. गंगेवर नयार नदीचा संगम यासाठी प्रसिद्ध आहे. महसीर पावसाळ्यात उपनद्यांत चढून अंडी घालतो, त्यामुळे त्या दिवसांत गळ न टाकणे हे कायद्यापलीकडचे कर्तव्य आहे. दक्षिणेत साधारण डिसेंबर ते मार्च, तर हिमालयाच्या पायथ्याला वसंत ऋतू आणि पावसाळ्यानंतरचे आठवडे हा हंगाम.

तळ : महसीराच्या नद्या वस्तीपासून दूर असल्याने तंबूचा तळ हा या छंदाचा भागच आहे. धरणाखालच्या नदीत वीजगृहातून पाणी सोडले की पातळी पाऊस नसतानाही अचानक चढते. काठच्या झुडपांत पूर्वीच्या पुराने अडकवलेला काडीकचरा पाहावा आणि तंबू त्या रेषेच्या वर लावावा. हत्तींच्या पाणवाटेवर तळ टाकू नये. दक्षिणेत मगरी असलेल्या डोहांत मासा धरण्यासाठी पाण्यात उतरणे टाळावे. कावेरीवरच्या तळांवर नदीचे बारकावे जाणणारे स्थानिक वाटाडे नेमले जात. त्यांपैकी अनेकांनी पूर्वी चोरून मासेमारी केलेली होती आणि सुरुंगाने मासे मारणाऱ्यांविरुद्ध पुढे त्यांचाच पहारा प्रभावी ठरला.

सोडून देण्याची पद्धत : टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करून मासा धरावा, गळ काढणे व वजन करणे शक्यतो पाण्यातच उरकावे, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून आधार देत स्वतः पोहून जाईपर्यंत धरून ठेवावा. कावेरीतील खडशीवर केलेल्या अभ्यासात दमवण्याचा काळ आणि पाण्याबाहेर ठेवण्याचा काळ वाढला की माशाच्या शरीरावरील ताण वाढतो असे दिसले. छायाचित्रासाठी मासा छातीशी उचलून धरण्याची हौस म्हणूनच आवरायला हवी. मोठ्या माशाला तोंडातून दोरी ओवून पाण्यात बांधून ठेवण्याची जुनी रीतही आता त्याज्य मानली जाते.

संवर्धन व त्याचा अनपेक्षित परिणाम : लोणावळ्याजवळच्या टाटा वीज कंपनीच्या जलाशयांवर १९७० च्या दशकात खडशीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. चं. वि. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांचे या क्षेत्रातील काम पायाभूत मानले जाते. येथून लाखो बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले) अनेक राज्यांतील नद्या-तलावांत सोडल्या गेल्या आणि त्यात कावेरीही होती. खडशीपुरता हा प्रयोग निर्विवाद यशस्वी ठरला. लाल यादीत ती संकटग्रस्त वर्गातून कमी चिंतेच्या वर्गात आली.

कावेरीत मात्र वेगळे घडले. गालिबोर येथील तळावर गरवणारे प्रत्येक माशाची जात, वजन आणि गळ टाकून बसल्याचा वेळ नोंदवहीत लिहीत. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींत सुमारे २३,६०० तासांची गळमासेमारी आणि ६,१०० हून अधिक महसीर आहेत. त्यांचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून आणलेल्या निळ्या परांच्या खडशीची संख्या झपाट्याने वाढत गेली, तर मूळच्या उंचवट्याच्या महसीराची घटत गेली. शिवाय त्याचे जे मासे मिळत ते दरवर्षी अधिक मोठे होते, म्हणजे नवी पिढी तयारच होत नव्हती. खडशी हेच त्यामागचे एकमेव कारण आहे असे म्हणता येत नाही. धरणे, वाळूउपसा, प्रदूषण आणि सुरुंग यांचाही वाटा आहे. तरीही बाहेरची जात सोडण्याचा दुष्परिणाम हाच प्रमुख मानण्याकडे कल आहे आणि तो रास्त वाटतो. नदीवर दुसरे कोणतेही दीर्घकालीन सर्वेक्षण झालेले नसताना हौशी माणसांच्या नोंदवहीने हे उघड केले, ही या छंदाची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

कायदा : १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर भारतात शिकारीचा छंद संपला; गळमासेमारी राज्यांच्या परवान्यांवर चालू राहिली. कावेरीचा प्रसिद्ध पट्टा अभयारण्यात येत असल्याने तेथील तळांवरची गळमासेमारी २०१२ च्या सुमारास थांबवण्यात आली. त्यामुळे वरील नोंदी तिथेच खंडित झाल्या. बंदीनंतर पहारा सैल पडून चोरटी मासेमारी वाढली असे गरवणाऱ्यांच्या संघटनांचे म्हणणे आहे, तर अभयारण्यात कोणत्याही प्राण्याला करमणुकीसाठी त्रास नको, ही वनखात्याची भूमिका आहे.

महाराष्ट्र : इंद्रायणीवरील देहू आणि रायगड जिल्ह्यातील काळ नदीवरचा वाळणकोंड यांसारखे देवाचे डोह खडशीचे परंपरागत आसरे आहेत. तेथे गळ टाकणे निषिद्ध समजतात आणि भाविक माशांना खाऊ घालतात.

ईशान्य भारत : आसाममधील जिया भरोली व अरुणाचलातील सुबनसिरी या नद्यांवरही महसीर गरवला जातो. तेथे चॉकलेटी महसीर (निओलिसोचिलस हेक्सागोनोलेपिस) ही जवळची जातही गळाला लागते.