बेस टायमिंग : हँडलपासून लॅपटॉपपर्यंत

कॅम बदललेल्या, हेड घासलेल्या किंवा टर्बो चढवलेल्या इंजिनावर प्रोग्रामेबल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा हवा तसा जुळवता येणारा कॉम्प्युटर, बसवला की लॅपटॉपवर ठिणगीचा कोन, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो आकडा, दिसू लागतो. १० अंश, १८ अंश, ३२ अंश. हा आकडा म्हणजे ईसीयूची समजूत. ठिणगी खरोखर कुठे पडते आहे, हे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुलीवर टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, मारल्याशिवाय कळत नाही. पडद्यावरचा कोन आणि पुलीवरचा कोन एक करणं, एवढंच बेस टायमिंगचं काम. तरीही म्हापसा असो की मडगाव, गाडीवर हौसेने पैसे ओतणारे लोक नेमकं हेच काम ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. ही सवय आळसाची नाही. ती जुन्या गाड्यांकडून वारशाने आली आहे.

ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच का टाकावी लागते, हे आधी पाहू. मिश्रण जळायला ढोबळमानाने २ मिलिसेकंद लागतात असं धरा. ८०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक जेमतेम १० अंश फिरतो. ६००० ला ७२ अंश. प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरच्या आतली घुसळण वाढते आणि ज्वाळ झपाट्याने पसरते, त्यामुळे बऱ्याच इंजिनांचं ३० ते ३५ अंशांत भागतं. पण कोन वेगाप्रमाणे बदलायलाच हवा. पहिल्या पिढीच्या गाड्यांत हे काम ड्रायव्हर करी. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीचा दांडा असे. इंजिन चालू करायला हँडल मारताना तो मागे (ठिणगी उशिरा) घ्यायचा, गाडी धावू लागली की पुढे (ठिणगी लवकर). हँडल मारताना मागे घ्यायला विसरलं तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे.

त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, बॉशच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो (चुंबकाने वीज तयार करणारं यंत्र) आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली होती. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरीवरची इग्निशन रुळवली. पॉइंट (उघडझाप करणारा स्विच), कंडेन्सर, कॉइल (विजेचा दाब वाढवणारी) आणि डिस्ट्रिब्युटर (ज्या-त्या सिलिंडरला ठिणगी वाटणारा) हा पुढे साठ-सत्तर वर्षं टिकलेला संसार तिथूनचा. दांड्याची जागा हळूहळू डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या वजनांनी आणि स्प्रिंगांनी घेतली. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जात आणि ठिणगी पुढे सरके. हलक्या पायाने चालवताना व्हॅक्यूमचा पडदा आणखी थोडी पुढे ओढी. मेकॅनिकच्या हाती उरला तो फक्त या सगळ्याचा आरंभबिंदू. बेस टायमिंग ते हेच.

१९६१ पूर्वीच्या गोव्यात ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा गाड्या थेट मुरगाव बंदरात उतरत. भारताने आर्थिक नाकेबंदी केली तरी खनिजाच्या निर्यातीचा पैसा होता आणि आयात मोकळी होती. मुक्तीनंतर नव्या आयातीचं दार बंद झालं, गाड्या मात्र राहिल्या. मूळ सुटे भाग मिळेनात, तेव्हा मिळेल ते जुळवून चालवणं हाच धंदा झाला. हौस म्हणून मॉडिफिकेशन करण्याच्या कितीतरी आधी गरज म्हणून मॉडिफिकेशन होत होतं, असं म्हणायला हरकत नाही. सोबतीला आल्या अँबेसेडर, फियाट आणि खाणींवरच्या जीप. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, अँबेसेडरचं १४८९ सीसीचं, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, दोन्हींची १-३-४-२. एकाची सवय झाली की दुसऱ्यावर हात आपोआप चाले.

तेव्हाची पद्धत साधी होती. हँडलने इंजिन फिरवून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा आणि पुलीची खूण जुळवायची. मग डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला बल्बची एक वायर, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. पॉइंट ज्या क्षणी उघडतो त्या क्षणी बल्ब पेटतो. तिथेच आवळायचा. एक हिशेब मात्र ध्यानात ठेवावा लागे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो ५ अंश फिरवला की टायमिंग १० अंश सरकतं.

बल्बही नसला तर कान. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, आवाज सर्वांत मोकळा झाला की केसभर मागे घ्यायचा, आणि गाडी चढावर न्यायची. पणजीहून मांडवी ओलांडली की पर्वरीचा चढ आहेच. जास्त खात्री हवी असेल तर चोर्ला घाट. टॉप गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर किंचित खडखड (नॉकिंग) येऊन विरली तर टायमिंग बरोबर. विरलीच नाही तर पुन्हा मागे.

ही पद्धत अडाणी नव्हती. पेट्रोल ८७ ऑक्टेनचं, कॉम्प्रेशन बेताचं, स्प्रिंगा ढिल्या झालेल्या, पुलीची खूण गंजलेली. अशा वेळी छापील आकड्यापेक्षा इंजिन काय बोलतं हेच खरं. चूक झालीच तर इंजिन ती पोटात घाली.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तीही कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर घेऊनच, फक्त सिलिंडर तीन आणि ऑर्डर १-३-२. जगात मात्र वारं फिरलं होतं. बॉशने १९७९ मध्ये मोट्रॉनिक आणलं आणि इंधन व ठिणगी एकाच कॉम्प्युटरच्या ताब्यात गेली. आपल्याकडे ती लाट २००० च्या आसपास एमपीएफआयच्या (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं इंधन फवारण्याच्या) रूपाने घरोघर पोचली. सुझुकीच्या त्या काळातल्या काही इंजिनांत डायग्नोस्टिक कनेक्टरच्या दोन पिना वायरीने जोडल्या की ईसीयू टायमिंग एका जागी धरून ठेवी, मग लाईट मारून डिस्ट्रिब्युटर जुळवता येई. पुढे डिस्ट्रिब्युटरच गेला. क्रँकवर दात्यांचं चाक आलं आणि समोर सेन्सर. फिरवण्यासारखं काही उरलं नाही, आणि बेस टायमिंग ही गोष्ट नव्या पिढीच्या मेकॅनिकच्या डोळ्यांआड गेली.

ती परत आली ती मॉडिफाइड गाड्यांमुळे. २००१ मध्ये मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडायचा ईसीयू आला आणि असली साधनं सामान्य हौशी माणसाच्या खिशात बसू लागली. पण चाकाचे दाते आणि टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) यांचं कंपनीने कारखान्यात ठरवलेलं नातं इथे कुणीच ठरवलेलं नसतं. ३६ वजा १ च्या (३६ दात्यांच्या जागा, त्यातला एक गाळलेला) चाकावर एक दाता चुकला तर १० अंशांचा घोळ, ६० वजा २ वर ६ अंशांचा. सगळा मॅप, म्हणजे ईसीयूतलं ठिणगीच्या कोनांचं टेबल, तेवढाच सरकतो. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत अशी चूक चढावर ऐकू यायची. टर्बोच्या इंजिनात ती ऐकू येईपर्यंत पिस्टनची कड वितळलेली असू शकते.

त्यात पुलीची खूणही फसवी. पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. ते म्हातारं झालं की बाहेरची कडी खुणेसकट सरकते. म्हणून आधी खरा टीडीसी शोधायचा. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात बोल्ट बसवायचा आणि तो पहिल्या सिलिंडरच्या भोकात आवळायचा. बाकीचे प्लग काढून इंजिन हाताने, जपून, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत एका बाजूला फिरवायचं आणि पुलीवर खूण करायची. मग उलट बाजूला फिरवून दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. स्टार्टरने हे करू नये. तिथे करेक्शन फ्लुइडची पांढरी रेघ मारली की काम अर्धं झालं.

पुढे ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करायचं, लाईट मारायची, आणि पुलीवर १० दिसेपर्यंत ट्रिगरचा ऑफसेट (दात्यांची खूण आणि टीडीसी यांच्यातलं अंतर) बदलायचा. आयडलला जुळलं म्हणून थांबायचं नाही. ३००० च्या वर नेऊन पुन्हा पाहायचं. खूण वेगाबरोबर सरकत असेल तर सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्यात, किंवा ठिणगीला होणारा उशीर ईसीयूत भरलेला नाही. वेस्टेड स्पार्कच्या (एका फेरीत दोनदा ठिणगी टाकणाऱ्या) कॉइलवर डायलची (कोन डायलवर लावायची) टायमिंग लाईट कधीकधी दुप्पट आकडा दाखवते, हेही माहीत असलेलं बरं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावर चालत नाही, हे इंजिन उचलण्याआधीच पाहून घ्यावं.

आता ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे जुना प्रश्न नव्याने विचारला जातो : टायमिंग पुढे घ्यायचं का? इथेनॉल नॉकिंगला जास्त दाद देत नाही, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत थोडं पुढे घेऊन, चढावर ऐकून ठरवता येतं. ईसीयूच्या गाडीत हा बदल टेबलमध्ये करायचा. बेसला हात लावायचा तो ट्रिगर व्हील, सेन्सर किंवा त्याची ब्रॅकेट हलली तरच.