"वाटेतच तर आहे" म्हणण्याआधी: आजी-आजोबा आणि नातवंडांच्या सहलीसाठी गाडी ठरवताना

गाडी ठरवायला येणाऱ्या फोनवर आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अहो, ते वाटेतच तर आहे, पाच मिनिटं थांबू." हे पत्रक त्या वाक्यासाठीच छापलं आहे. कमाटीबाग कुठे आणि आजवा किती लांब, हे बडोदेकराला सांगायची गरज नाही. एका दिवसात किती ठिकाणं होतात हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. उत्तर आधीच देऊन टाकतो: एक.

ठिकाणांची यादी सहसा आजी-आजोबा पाठवत नाहीत, मुलगा किंवा सून पाठवते. ती मंडळी पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर न्यू जर्सीत. नातवंडं थोड्या दिवसांसाठी बडोद्याला आलेली असतात, त्यांना सगळं दाखवायचं असतं, म्हणून रात्री बसून नकाशावर खुणा केल्या जातात. सकाळी वढवाण्याचे पक्षी, दुपारी एकता नगरचा सरदारांचा पुतळा, येताना चाणोदचा संगम आणि जमलंच तर डभोईची जुनी वेस, हीरा भागोळ. नकाशात चूक काहीच नसते. डभोई खरोखर वाटेत आहे. पण नकाशावरची माणसं गाडीतून खाली उतरत नाहीत, आपली उतरतात.

उतरायचं म्हणजे काय काय होतं ते बघा. आजोबांची एक चप्पल सीटखाली सरकलेली. काठी डिकीत, सगळ्या पिशव्यांच्या खाली. धाकट्याला नुकतीच झोप लागलेली, उठवलं की तो रडणार, नाही उठवलं तर त्याच्याजवळ कोणीतरी बसायचं. बाथरूम हॉटेलच्या मागे, दोन पायऱ्या खाली आणि फरशी ओली, म्हणून आजींबरोबर सोबत हवी. तेवढ्यात थोरलीला वेफर्सच्या माळा दिसतात. थांबलोच आहोत तर चहा सांगितला जातो. मग सगळे पुन्हा गाडीत, आणि आजींचा चष्मा टेबलावर राहिलेला. पाच मिनिटांचा थांबा अर्ध्या-पाऊण तासाच्या आत उरकल्याचं आम्हाला तरी आठवत नाही. असे तीन थांबे झाले की दोन तास गेले. ते दोन तास आजोबांच्या जेवणाच्या वेळेतून आणि ज्या ठिकाणासाठी निघालो त्या ठिकाणातूनच कापले जातात. मधुमेहाची गोळी घेतल्यावर जेवण लांबलं तर काय होतं, ते तुमच्या घरात आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

नेमकं काय हातचं जातं, हे वढवाण्यावर सगळ्यात स्पष्ट दिसतं.

वढवाणा तलाव डभोई तालुक्यात, बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. गायकवाडांच्या राज्यात शेतीला पाणी मिळावं म्हणून तो बांधला. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. 2021 मध्ये तो रामसर यादीत आला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला. आमच्या मते आजी-आजोबा आणि नातवंडं यांनी मिळून करायची बडोद्याजवळची ही सगळ्यात चांगली सहल. चढ नाही, तिकिटाची धक्काबुक्की नाही, तलावाच्या बांधावर सावकाश चालायचं आणि दमलं की बसायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

पण तिथे पोचायचं उजाडता उजाडता. बदकं बरीचशी रात्री चरतात आणि दिवसा तलावाच्या मधोमध जाऊन झोपा काढतात. शिवाय ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग दुर्बीण कितीही चांगली असली तरी तिच्यातून काळे ठिपकेच दिसतात. सकाळी सात ते साडेनऊ हा तुमचा वेळ. डिसेंबरात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून आम्ही साडेपाचला निघायला सांगतो. त्यावर हमखास उत्तर येतं, "एवढ्या पहाटे मुलं उठणार नाहीत." मुलांना उठवायचंच नाही. पांघरुणासकट उचलून गाडीत ठेवायचं, ती डभोईपुढे आपोआप जागी होतात. आजी-आजोबा तर पाचलाच आंघोळ करून तयार असतात. उशीर करतात ते मधल्या पिढीचे लोक, आणि ते सहलीला येणारच नसतात!

वेळेवर पोचलात तर काठाजवळच्या गवतात पट्टकादंब हंस चरताना सापडतात. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, ते एकदा ओळखता आले की नात पुढे सगळ्यांना दाखवत सुटते. हे हंस हिमालय ओलांडून येतात हे आजोबांनी सांगायचं, आम्ही नाही. पाण्यात काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी घोळक्याने असतात. मोठ्या लालसरीचा नर त्याच्या तांबूस डोक्यावरून आणि लाल चोचीवरून लांबूनही कळतो. आजींना मात्र आवडतं ते हळदी-कुंकू बदक. त्याच्या काळ्या चोचीच्या बुडाशी दोन लाल ठिपके आणि टोक पिवळंधमक. ते बघायला दुर्बीण स्थिर धरावी लागते, म्हणून आम्ही तिपाई देतो. हात थरथरत असेल तर नुसत्या दुर्बिणीचा उपयोग नाही. गाडीत दोन घडीच्या खुर्च्याही असतात. त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

त्या दिवशी सकाळी सेव-उसळीसाठी थांबू नका. घरून दशम्या, थालीपिठं, केळी घ्या. चहाचा थर्मास आमचा. सेव-उसळ परत आल्यावर खा, बडोद्यात ती कुठे पळून जात नाही.

एकता नगरचं गणित वेगळं आहे, पण चूक तीच. सरदारांचा 182 मीटरचा पुतळा बघायला जाणाऱ्यांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवावी: सोमवारी बंद. दुसरी, वर गॅलरीत जायचं तर वेळ ठरलेलं वेगळं तिकीट लागतं. ते आधी ऑनलाइन काढावं, आणि ती वेळ तुमच्यासाठी थांबत नाही. इथेच "वाटेतच" आडवं येतं, आणि या खेपेला ते आजोबांकडून येतं. गरुडेश्वर अगदी जवळ आहे. टेंबे स्वामींनी 1914 मध्ये तिथे देह ठेवला. दत्तसंप्रदायातल्या घरातल्या माणसाला समाधीवर पाच मिनिटांत डोकं टेकवून परत फिरा असं सांगणं आम्हाला जमत नाही, आणि सांगितलं तरी ते फिरणार नाहीत. आरती, प्रसाद, नर्मदेचा घाट. इकडे गॅलरीची वेळ निघून गेलेली आणि नातू तोंड फुगवून गाडीत बसलेला. म्हणून आमचं सांगणं असं की गरुडेश्वर वेगळं करा. त्या दिवशी देवदर्शन, घाटावर निवांत बसणं, नातवंडांना नर्मदा दाखवणं, संध्याकाळी परत. पुतळ्याचा दिवस नातवंडांचा, गरुडेश्वरचा दिवस आजोबांचा. दोन फेऱ्यांचं भाडं मिळावं म्हणून सांगतो असं काहींना वाटतं. वाटू दे. दोन्ही फेऱ्या एकत्र ठरवल्या तर दुसरीवर आम्ही सवलत देतो.

एकता नगरलाही सगळं करायला जाऊ नका. जंगल सफारीत चालणं भरपूर आहे, गुडघे दुखत असतील तर फुलपाखरांची बाग आणि मुलांच्या न्यूट्रिशन पार्कमधली छोटी रेल्वे पुरे. आत फिरायला तिथल्या बस आणि स्थानिक बायका चालवतात त्या गुलाबी ई-रिक्षा आहेत.

चांपानेर-पावागढला जाताना घरात आधी एक गोष्ट ठरवा. वर महाकाली की खाली चांपानेर? रोपवे माचीपासून वर नेतो हे खरं, पण त्यातून उतरल्यावरही देवळापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात, आणि हे बऱ्याच जणांना वर गेल्यावरच कळतं. वारा जोराचा असला तर रोपवे बंदही असतो. खाली मात्र 2004 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं आख्खं जुनं शहर सपाटीवर पसरलेलं आहे. जामी मशिदीचं नक्षीकाम आणि वडा तलावाचा काठ एवढं पाहिलं तरी सकाळ भरते. पावसाळ्यात इथे यायलाच हवं, डोंगर हिरवागार आणि ढग खांद्यापर्यंत उतरलेले. दोन्ही नवरात्रांत मात्र पावागढची फेरी आम्ही वयस्कर मंडळींसाठी घेत नाही.

जांबुघोड्याला ज्यांना जंगल आवडतं त्यांनीच जावं. अस्वलं आणि बिबटे तिथे आहेत, पण दिसतीलच असं कोणी सांगितलं तर समजा की तो गाडी विकतोय. कडा धरणाचं पाणी, सागाची झाडी, फेब्रुवारीअखेर फुललेला पळस, हे नक्की दिसतं. रस्ता वळणांचा आहे, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा.

आणि नातवंड पाच वर्षांच्या आतलं असेल तर शहराबाहेर जाऊच नका, हे आम्ही गाड्यांचा धंदा करणारे लोक सांगतो. 1879 ची कमाटीबाग आहे, तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे. हिवाळ्यात दहा-अकराच्या उन्हात विश्वामित्रीच्या काठावर मगरी पसरलेल्या असतात, त्या पुलावरूनच बघा, पाण्याजवळ उतरू नका. यासाठी अर्ध्या दिवसाची गाडी मिळते, आणि जवळ राहणाऱ्यांना तर रिक्षा पुरते.

आता आमच्या ड्रायव्हरबद्दल. "तो अडून बसला, थांबायला तयारच नव्हता," अशी तक्रार येते. तो अडून बसत नाही, आम्हीच त्याला तसं सांगितलेलं असतं. बाथरूम, औषध, उलटी, पाय मोकळे करणं, यासाठी तो कुठेही थांबेल, विचारायचीही गरज नाही. दर सव्वा-दीड तासाला तो स्वतःहून थांबतो, आणि कुठलं बाथरूम स्वच्छ, कुठे कमोड आहे आणि कुठे पायऱ्या नाहीत, हे त्याला पाठ आहे. ठिकाण वाढवायचं असेल तर मात्र तो ऑफिसला फोन करतो. पहाटे साडेपाचला निघालेल्या माणसाने रात्री अंधारात हायवेवर गाडी चालवावी हे आम्हाला मान्य नाही, आणि मागच्या सीटवर तुमचे आई-वडील असताना तुम्हालाही नसावं.

भाडं जास्त आहे असंही म्हणतात. किलोमीटरवर गाडी लावणाऱ्यापेक्षा आहेच. पण त्याच्याकडे तुम्ही दोन ठिकाणं वाढवली तर त्याचा मीटर वाढतो, तो नाही कशाला म्हणेल? आमचं भाडं दिवसावर आहे. ठिकाण वाढलं तरी आम्हाला पैसे तेवढेच, म्हणून "एकच करा" हा सल्ला आम्हाला परवडतो. त्या भाड्यात चढ-उतरायचं स्टूल, खुर्च्या, तिपाई, दुर्बीण, थर्मास, उलटीच्या पिशव्या आणि ज्येष्ठांना हात द्यायची सवय असलेला ड्रायव्हर येतो. टोल आणि पार्किंगही त्यातच. तिकिटं आणि जेवण तुमचं.

गाडी ठरवताना ठिकाणांची यादी पाठवू नका. तीन गोष्टी पाठवा: सगळ्यात वयस्कर माणसाची जेवणाची आणि गोळीची वेळ, पायऱ्या चढता येतात की नाही, आणि सगळ्यात लहान मुलाचं वय. ठिकाण आम्ही सुचवतो, पसंत नसेल तर बदलू. मुलांना मांडीवर घेऊ म्हणून एक सीट कमी सांगू नका, आठ वर्षांचा नातू तासभर आजीच्या मांडीवर बसला तर दुसऱ्या दिवशी आजी उठत नाहीत. वढवाण्याची फेरी निदान चार दिवस आधी सांगावी, नाताळच्या सुट्टीत आठवडाभर आधी. आदल्या संध्याकाळी सातपर्यंत रद्द केली तर ॲडव्हान्स पूर्ण परत, आजारपण असेल तर सकाळी कळवलं तरी परत.

14 आणि 15 जानेवारीला गाड्या बंद असतात. उत्तरायणाला ड्रायव्हरसुद्धा गच्चीवर असतात.