स्वकर्मपूजा
स्वकर्मपूजा : आपल्या वाट्याला आलेले रोजचे काम मन लावून नीट करणे, हेच ईश्वराची आज्ञा पाळणे आणि हीच त्याची पूजा, अशी धारणा. महाराष्ट्रात ती वारकरी संतांच्या अभंगांतून घरोघर पोचली. तिचा आधार भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायातील ४६ वा श्लोक. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) त्यावर ओवी आहे : ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ फूल म्हणजे इथे कामच. किडके फूल देवाला कोणी वाहत नाही. मग हातचलाखीने उरकलेले काम तरी त्याच्यापुढे कसे ठेवावे?

ही धारणा सर्वांत स्वच्छ दिसते ती सावता माळी (परंपरेनुसार १२५०–१२९५) यांच्या मळ्यात. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे त्यांचे गाव. ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते, पण त्याच अभंगातील ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी’ या ओळीपाशी थांबायला हवे. मोटेचे, म्हणजे बैलांनी विहिरीतून ओढलेल्या चामडी पखालीचे, पाणी थारोळ्यात (विहिरीकाठच्या हौदात) पडते, पाटाने वाफ्यांकडे जाते. दारे धरणारा माणूस वाफा भरला की माती ओढून त्याचे तोंड बंद करतो आणि पुढच्याचे उघडतो. जरा नजर हलली की पाट फुटतो, एका वाफ्यात पाणी तुंबते आणि शेवटचा कोरडा राहतो. दिवसभर असे लक्ष ठेवणाऱ्याला पंढरी मोटेच्या दोरीत दिसली, यात मला अलंकारापेक्षा अनुभव अधिक वाटतो. (याच अभंगात ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ असेही म्हणतात. मिरची भारतात पोर्तुगिजांच्या काळात आली, तेव्हा हा शब्द नंतर गाणाऱ्यांच्या तोंडी रुळला असणार. लोकांनी आपल्या परसातली भाजीही देवाला जोडून घेतली!) सावता मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, अशी श्रद्धा आहे, आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते.

नरहरी सोनार ‘देवा तुझा मी सोनार’ म्हणतात. सेना न्हावी ‘करू हजामत बारीक’ म्हणत विवेकाचा आरसा दाखवतात. त्या ‘बारीक’ शब्दात कारागिराचा सगळा अभिमान आहे.

तेरच्या गोरा कुंभारांची कथा मात्र अवघड आहे. चिखल तुडवताना ते नामात इतके रंगले की रांगत आलेले मूल पायाखाली गेले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले, असे कथा सांगते आणि तल्लीनतेचा गौरव करते. पण त्या मुलाच्या आईचा आकांतही कथेनेच जपून ठेवला आहे. हातातल्या कामावरून आणि भोवतालच्या जिवांवरून लक्ष उडवणारी भक्ती स्वकर्मपूजेत कशी बसवायची, हा प्रश्न ती कथा ऐकताना दर वेळी पडतो.

इतर परंपरांतही हा विचार आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठांसाठी नियम घालून दिले. त्यांत कोठीघराच्या प्रमुखाला सांगितले आहे, की मठातील सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. कर्नाटकातील बसवेश्वरांच्या शरणांनी (अनुयायी भक्तांनी) बाराव्या शतकात श्रमाला ‘कायक’ म्हटले. त्यांच्यातले सांडलेले तांदूळ वेचणारे मारय्या एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले, तर पत्नी लक्कम्मा यांनी ते परत पाठवले. काम चोख हवे तसे त्यातून घेणेही बेताचे हवे, ही भर कायकाने घातली.

स्वकर्म जन्माने ठरते असे मानले गेले आणि तिथे या विचाराने माणसांना फार दुखावले. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा अस्पृश्य मानलेल्या जातीतले, ते गावकीची (जातीने वाट्याला आलेली गावाची) कामे करत राहिले. गावकुसाच्या बांधकामावर असताना १३३८ मध्ये भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. ज्याची पूजा त्यांनी कामातून केली, त्याच्या देवळात त्यांना जाता आले नाही. त्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. ते दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले.