हरकत, सूचना आणि मोकळी जागा : नवी मुंबईतल्या लोकसहभागाची पार्श्वभूमी

आपल्या परिसराची आखणी करताना तिथल्या माणसांना विचारायचे की नाही, हा प्रश्न नवी मुंबईत शहर उभे राहण्याआधीच बाजूला पडला होता. १९७० मध्ये जमिनींचे संपादन सुरू झाले आणि पुढे नव्या शहराच्या क्षेत्रात एकूण ९५ गावे आली. १९७३ मध्ये विकास आराखडा तयार झाला, १९७९ मध्ये तो मंजूर झाला. त्यात नोड म्हणजे छोटी उपनगरे होती, रेल्वेमार्ग होते, सेक्टर होते. गावठाणे मात्र नकाशावर पांढरी बेटे होऊन राहिली. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये झालेला गोळीबार आणि त्यानंतरची, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना इथल्या घराघरात माहीत आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. एवढेच नोंदवतो की त्या लढ्याने जमिनीचा मोबदला मिळवला. गावाभोवतीच्या सामायिक जागांचे काय करायचे, यात गावाला बोलता येईल अशी सोय त्यातून झाली नाही.

त्याच दशकात बेलापूरच्या टेकडीखाली एक वेगळा प्रयोग झाला, आणि त्याची आठवण फारच कमी काढली जाते. आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत सात घरे मिळून आठ बाय आठ मीटरचे एक अंगण, असे तीन पुंजके मिळून बारा बाय बारा मीटरचे मोठे अंगण, अशी रचना केली गेली. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक ठेवली नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे घर वाढवता यावे. आज तिथे गेलात तर मूळचे घर ओळखू येणे कठीण. कोणी मजला चढवला, कोणी ते पाडून नवेच बांधले. पण अंगणे बऱ्याच ठिकाणी अजून अंगणेच आहेत. रहिवाशांना घडवायला काहीतरी शिल्लक ठेवले, तर ते घडवतात, याचा हा पुरावा डोळ्यांसमोर आहे. शहराच्या बाकीच्या भागात ही पद्धत गेली नाही.

बाकीच्या शहराला मिळाले ते दोन शब्द : हरकती व सूचना.

या जोडशब्दावर थांबायला हवे, कारण पुढचा बहुतेक गुंता त्यातच आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम २६ प्रमाणे प्रारूप योजना, म्हणजे विकास आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध होते आणि ठरावीक मुदतीत नागरिकांनी लेखी कळवायचे असते. म्हणजे बोलणे सुरू होते ते रेघा मारून झाल्यावर. ‘हरकत’ मूळ अरबीत हालचाल. मराठीत तिचा अर्थ अडथळा असा स्थिरावला. आपण दिवसभर ‘काही हरकत नाही’ म्हणतो, तेव्हा समोरच्याला वाट मोकळी करून देत असतो. नियोजनातही नेमके हेच होते. ज्याने मुदतीत कागद दिला नाही, त्याची ‘हरकत नाही’ असे धरले जाते, मग त्याने नकाशा पाहिलेला असो वा नसो.

‘सूचना’ तर त्याहून अवघड. कार्यालय जी प्रसिद्ध करते तीही ‘जाहीर सूचना’ आणि नागरिक उत्तरादाखल जी देतो तीही ‘सूचना’. शब्द एक, वजन वेगळे. वरून आलेली सूचना पाळायची असते. खालून गेलेली ऐकून घ्यायची असते. कायद्याने ‘हरकत’ आणि ‘सूचना’ शेजारी बसवल्या, पण यंत्रणा सगळ्याच कागदांकडे हरकत म्हणून बघते. मी बसलो होतो त्या एका सुनावणीत खाडीकाठच्या गावातली एक आजी आली होती. जेट्टीकडच्या वाटेजवळची जागा राखून ठेवा आणि तिथे सावलीला छप्पर द्या, एवढे तिचे म्हणणे. समोरून विचारणा झाली, सेक्टर कोणता, भूखंड क्रमांक काय? तिने सांगितले, पिंपळाच्या पलीकडची. नकाशावर ती जागा रिकामी दिसते म्हटल्यावर ती म्हणाली, “मोकली नाय ती. जाली सुकतान तिथं.” छप्पर मागणाऱ्या त्या अर्जाची नोंद हरकत म्हणूनच झाली.

नकाशावरची मोकळी जागा गावात रिकामी नसते. होळी तिथे पेटते, मांडव तिथे पडतो, जाळी तिथे दुरुस्त होतात. वापर वर्षातून चार दिवस असला तरी जागा वर्षभर त्याच नावाने ओळखली जाते. ही नावे प्रारूपात उतरत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान तिथेच होते.

२००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मोहल्ल्यातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामे सुचवायची, अशी ती कल्पना. कागदावर उत्तम, प्रत्यक्षात ती रुजली नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द त्यानंतर स्वच्छतेच्या मोहिमांत, भिंती रंगवण्यात आणि वृक्षारोपणात दिसू लागला.

नवी मुंबईत महापालिका १९९२ पासून आहे. तिची पहिली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली २०२२ च्या ऑगस्टमध्ये. मधली तीस वर्षे मैदान, मंडई, शाळा यांचे भूखंड कोणाचे, यावर महापालिका आणि शहर वसवणारे महामंडळ सिडको यांच्यात ओढाताण चालली. सभागृहाने २०१९ च्या अखेरीस प्रारूपाला मान्यता दिली, पण महापालिकेने ज्या भूखंडांवर सार्वजनिक सुविधांचे आरक्षण धरले, त्यांतले काही महामंडळ स्वतः विकू पाहत होते. रहिवाशांना यातले जे कळले ते वर्तमानपत्रांतून. पाणथळ जागांचा वाद वेगळा. नेरूळच्या खाडीकाठी फ्लेमिंगो उतरतात त्या जागा प्रारूपात बांधकामयोग्य दाखवल्यावर हरकती आल्या. ठाण्यात २०२४ चे प्रारूप आले तेव्हाही गावठाणे आणि कोळीवाडे अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले.

१९६६ च्याच अधिनियमातील कलम २८ प्रमाणे हरकती ऐकणाऱ्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असावेत. निवडून आलेली माणसे त्यात असावीत यामागे विचार होता : पिंपळाच्या पलीकडची जागा म्हणजे कोणती, हे त्यांना माहीत असते. नवी मुंबईत नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. स्थायी समितीच अस्तित्वात नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन सभागृह पुन्हा भरले, तेव्हा त्या प्रारूपावरच्या सुनावण्या उरकून गेल्या होत्या.