फळीवरचा विसरलेला डबा

डबाबंद जेवणाची वर्गणी भरली की दर महिन्याला खोकं दारात येऊन पडतं. पहिल्या महिन्यातले डबे उत्साहात संपतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत नवे डबे पुढे आणि जुने मागे अशी फळी भरते, आणि एके दिवशी कोपऱ्यात एक डबा सापडतो. तो कधी आला हे घरात कुणालाच आठवत नाही. खावा की टाकावा?

‘त्यात टिकवायची रसायनं असतात, खाऊन टाक’ असं कुणीतरी म्हणतंच. खरं तर डबा टिकण्यासाठी रसायनांची गरजच नसते. सगळी करामत क्रमाची आहे. अन्न आधी डब्यात भरायचं, झाकण हवाबंद करायचं आणि मग तो बंद डबाच तापवायचा. आतले जंतू मरतात, बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने बुचाच्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून हे साधलं आणि 1810 मध्ये सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं. अन्न का टिकतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. ते कळायला पुढे जंतूंचा अभ्यास करणारा लुई पाश्चर यावा लागला. पत्र्याच्या डब्याचं पेटंटही 1810 चंच, पण डबा उघडायचं हत्यार यायला आणखी चार-पाच दशकं गेली. तोवर लोक छिन्नी-हातोडा घेऊन जेवायला बसत!

नुसतं उकळणं पुरत नाही, याचं कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची सुप्त रूपं, 100 अंशांना तासन्‌तास तग धरतात. त्यांना हवं काय, तर ऑक्सिजन नसलेली, ओलसर, फारशी आंबट नसलेली जागा. म्हणजे नेमका डबाच. तिथे रुजून ते जे विष तयार करतात, ते स्नायू लुळे पाडतं आणि श्वासही थांबवू शकतं. म्हणून मका, मटार, मांस, मासे यांचे डबे कारखान्यात वाफेच्या दाबाखाली तापवतात. डब्यात सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागीही 121 अंशांवर सुमारे तीन मिनिटं राहिल्याइतका मारा व्हावा लागतो. हिशोब असा, की एक लाख कोटी बीजाणू असले तरी त्यांतला जेमतेम एक उरावा. टोमॅटो किंवा अननसासारख्या आंबट पदार्थांना इतका मारा लागत नाही. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; पदार्थ जितका आंबट तितका तो कमी) 4.6 किंवा त्याहून कमी असला की हे बीजाणू रुजतच नाहीत.

आता तो कोपऱ्यातला डबा हातात घ्या. झाकण जिथे अंगाला जोडलंय त्या कडेवरून अंगठा फिरवा. झाकणाचा आणि अंगाचा पत्रा तिथे एकमेकांत दुमडून दाबलेला असतो. डब्याचा सगळा जीव त्या दुमडीत. पोटावर उथळ पोचा असेल तर फारसं बिघडत नाही. तोच पोचा कडेवर असेल, बोट रुतेल इतका खोल असेल किंवा गंज पुसून जात नसेल, तर मी डबा ठेवत नाही. मग झाकण दाबून पाहा. ते फुगलेलं असेल, किंवा दाबल्यावर टक्‌कन आत जाऊन परत वर येत असेल, तर आत वायू धरलाय असं समजा. असा डबा उघडू नये, चाखून तर मुळीच पाहू नये. बोट्युलिनमचं विष असलेल्या अन्नाला वास येईलच असं नाही. दहा मिनिटं खळखळून उकळल्याने ते विष नष्ट होतं हे खरं, पण फुगलेल्या डब्यावर हा प्रयोग करण्यात शहाणपण नाही. पिशवीत गुंडाळून, मुलं-जनावरं पोचणार नाहीत असा टाकावा.

डबा धड असेल, तर तारखेचा प्रश्न बहुधा चवीचा असतो. आंबट पदार्थ पत्र्याशी हळूहळू झुंजतात, म्हणून त्यांची गोडी साधारण दीड वर्षापर्यंत. बाकीच्यांची दोन ते पाच वर्षं. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा शेगडीमागच्या फळीवर मात्र डबे ठेवू नयेत. उष्णताप्रिय जिवाणूंचे काही बीजाणू कारखान्यातूनही वाचतात, आणि 40 अंशांच्या वर जागे होऊन अन्न आंबवतात. अनेकदा डबा न फुगवता.

डबा उघडला की तो साध्या शिजवलेल्या अन्नासारखाच. उरलेलं झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. उघड्या डब्यात ठेवलेला टोमॅटो विषारी होतो असं नाही, पण हवा लागल्यावर पत्र्यावरच्या आतल्या थराचं कथील भराभर विरघळतं आणि दुसऱ्या दिवशी जिभेला पत्र्याची चव लागते.