गोट्यांखालचं तेल

अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखाताच्या किनाऱ्यावर २००१ साली शास्त्रज्ञ फावडी घेऊन उतरले. ९१ जागी मिळून सुमारे ९,००० खड्डे खणले. निम्म्याहून जास्त जागी तेल निघालं. तेही ताजं वाटावं असं, वासासकट. 'एक्सॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर आदळलं ते २४ मार्च १९८९ ला, म्हणजे त्याच्या बारा वर्षं आधी. त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं होतं.

मग ते इतकी वर्षं टिकलं कसं? दोष थंडीच्या माथी मारायची सवय आहे, आणि थंडीत जीवाणू मंदावतात हेही खरंच. पण या किनाऱ्याची बांधणी जास्त घातक ठरली. वर मोठे गोटे आणि जाडी खडी. त्यातून पाणी झरझर जातं. खाली बारीक, घट्ट थर. त्यात पाणी वरच्यापेक्षा हजारपट हळू सरकू शकतं. ओहोटीला जमिनीतलं पाणी खाली गेलं की तेल त्या थरात झिरपतं. भरती पुन्हा येते, पण तोवर तेल बारीक फटींत अडकलेलं असतं आणि पाण्याच्या रेट्याने हलत नाही. तेल खाणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो, नत्र-स्फुरद लागतं. वरून खत शिंपडलं, त्याचा उपयोग वरच्या तेलाला झाला. खाली प्राणवायूच पोचत नव्हता.

सफाईनेही नुकसान केलं. सुमारे ६० अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या दाबाने गोट्यांवर मारलं गेलं. गोटे उजळले, पण खडकावरचं शेवाळ, शिंपले, खडकाला चिकटून राहणारे कवचधारी बार्नेकल, सगळं शिजून निघालं. बारीक वाळू वाहून गेली आणि तिच्यात राहणाऱ्या शिंपल्यांना घर उरलं नाही. तुलनेसाठी मुद्दाम न धुतलेल्या तुकड्यांवर जीवसृष्टी लवकर सावरली. दिसायला स्वच्छ किनारा हवा होता, त्याची ही किंमत.

पुरलेल्या तेलाचा फटका कोणाला बसतो, ते सागरी पाणमांजरापाशी कळतं. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा थर याला नसतो. एका चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर केस आणि त्यात कोंडलेली हवा, एवढीच त्याची रजई. तेलाने केस चिकटले की हवा निघून जाते आणि बर्फगार पाणी थेट कातडीला भिडतं. अंग चाटून साफ करताना तेल पोटात जातं. बरं, हा प्राणी रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ पाव भाग खातो, आणि खाण्यासाठी शिंपले उकरतो. म्हणजे नेमकं त्याच थरात हात घालतो, जिथे तेल दडलंय. गळतीत अशी हजारो पाणमांजरं मेली. संख्या पूर्ववत व्हायला सुमारे पंचवीस वर्षं लागली.

ओढ्यांच्या मुखाशी खडीत घातलेल्या पिंक सामन माशाच्या अंड्यांची गोष्ट आणखी सूक्ष्म. तेलातली काही वलयी (कार्बनच्या कड्यांची) संयुगं पाण्यात अब्जात काही भाग एवढी विरघळली तरी भ्रूणाचं हृदय वेडंवाकडं घडतं. पिल्लू लगेच मरेलच असं नाही. ते नीट पोहू शकत नाही.

खड्ड्यात इंद्रधनुषी तवंग दिसला म्हणजे तेलच असं मात्र समजू नये. लोह खाणारे जीवाणूही असाच तवंग धरतात. काडीने ढवळून पाहायचं: जीवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो आणि तसाच राहतो, तेलाचा तवंग फिरून लगेच सांधला जातो.