पॅटर्नमेकरला पगार कशाचा मिळत होता?

अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-यादीत ५१-४०६२ या क्रमांकावर ‘धातू व प्लॅस्टिकचे पॅटर्नमेकर’ अशी एक ओळ आहे. लाकडाचे पॅटर्नमेकर त्याच यादीत बरेच खाली, ५१-७०३२ वर, लाकूडकामवाल्यांच्या गटात बसवले आहेत. काम मुळात एकच. जी वस्तू ओतायची तिची प्रतिकृती बनवायची. ती वाळूत दाबून काढून घेतली की मागे पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. दोन्ही ओळींतली माणसं गेली काही दशकं कमी होत चालली आहेत, आणि या धंद्यात पुढे काही आहे का असं कुणी विचारलं की हाच घसरता आकडा पुढे केला जातो. आकडा खोटा नाही. पण तो का घसरतो हे कळायचं तर या कारागिराला पैसे नेमके कशाचे मिळत होते ते आधी बघावं लागतं.

वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ साली घेतलं. भांड्याचा पॅटर्न फारसा अवघड नव्हता. वाफेची इंजिनं आली आणि सिलिंडर, झडपांची घरं, आतून वळणावळणाच्या वाटा असलेले भाग ओतायची वेळ आली, तेव्हा हे काम सुतारकामापासून वेगळं झालं. कारण बीड थंड होताना आकसतं, साधारण १ टक्का. पोलाद २ टक्क्यांच्या आसपास, अॅल्युमिनियम १.३. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे वेगळी पट्टी असे. बिडाच्या पट्टीवर जिथे एक फूट लिहिलेलं, तिथे खरं अंतर बारा आणि सव्वाबारा इंचांच्या मधोमध, म्हणजे १२ पूर्णांक १/८ इंच. नवख्याने ही पट्टी चुकून साध्या मापाला वापरली की सगळा दिवस वाया.

आकसणं ही फक्त सुरुवात. पॅटर्न वाळूतून निघताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. पुढे मशीनवर जिथे घासायचं, तिथे जादा धातू ठेवायचा. आतली पोकळी वेगळ्या कोरने, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या ठोकळ्याने घडवायची, तो कोर साच्यात टेकायला जागा द्यायची. साचा कुठल्या रेषेवर दोन भागांत उघडेल हे तर सगळ्यांत आधी ठरवायचं. नकाशावर यातलं बहुतेक काही नसायचं. नकाशा तयार वस्तूचा, आणि पॅटर्न तिच्याआधीच्या तीन-चार अवस्थांचा हिशेब. हा हिशेब डोक्यात बसायला साधारण पाच वर्षं उमेदवारी करावी लागे.

म्हणून कारखान्यात याला मान होता आणि मजुरी चांगल्यांपैकी होती. माणसं थोडी, हत्यारांची पेटी स्वतःची, आणि यांनी हात थांबवले की पुढच्या ओतकामाला साचाच नाही. या ताकदीची त्यांना पुरती जाणीव होती. इंग्लंडच्या ईशान्य भागात १८७१ साली नऊ तासांच्या दिवसासाठी मोठा संप झाला. त्यानंतर पॅटर्नमेकरांनी इंजिनिअरिंग कामगारांच्या मोठ्या संघटनेबाहेर पडून १८७२ मध्ये स्वतःची संघटना काढली. अमेरिकेत १८८७ साली पॅटर्नमेकर्स लीग स्थापन झाली.

धातूचा पॅटर्न आला तो यंत्रांमुळे. हाताने वाळू ठोकायची तोवर लाकूड पुरत होतं. यंत्र वाळू दणादण दाबू लागलं, एकाच पॅटर्नवरून हजारो साचे निघू लागले, तेव्हा लाकूड ओल्या वाळूत फुगायचं, झिजायचं. मग अॅल्युमिनियम, पितळ किंवा बिडाचे पॅटर्न प्लेटवर बसवले गेले. १९६० च्या दशकात आलेलं डेन्मार्कचं डिसामॅटिक यंत्र तासाला दोनशेच्या वर साचे करू लागलं. तिथे लाकडाचं नावही घ्यायला नको.

यात एक गंमत आहे. धातूचा पॅटर्नही ओतूनच बनवायचा, त्यामुळे त्याच्यासाठी आधी लाकडाचा मास्टर, म्हणजे पॅटर्नचा पॅटर्न, करावा लागे आणि त्यात आकसणं दोनदा धरावं लागे. बिडाची ३०० मिलिमीटरची वस्तू हवी असेल तर अॅल्युमिनियमचा पॅटर्न ३०३ चा, आणि त्या पॅटर्नचा मास्टर जवळजवळ ३०७ चा. त्यानंतर धातू घासून, रेतून, पॉलिश करून अचूक मापाला आणायचा. लाकडाच्या पॅटर्नमेकरपेक्षा याला फिटरचं कसबही लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर इपॉक्सी रेझिन बाजारात आलं. मास्टरवरून उलटा साचा घ्यायचा, त्यात रेझिन आणि काचतंतूचं कापड थरावर थर बसवायचं. पॅटर्न हलका, ओलाव्याने न फुगणारा, आणि एकावरून चार काढायला सोपा. यादीत धातू आणि प्लॅस्टिक एकाच ओळीत येतात. माझ्या मते कारखान्यातही ही दोन कामं तशी शेजारीच होती.

घसरण मात्र एका घावात झाली नाही. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. १९५८ मध्ये हॅरोल्ड श्रॉयर यांना थर्माकोलच्या पॅटर्नचं पेटंट मिळालं. हा पॅटर्न वाळूतून काढायचाच नसतो, ओतलेला धातू त्याला जाळून त्याची जागा घेतो. उताराचा प्रश्नच मिटला. पुढे १९८० च्या दशकाअखेरीस एमआयटीतच पावडरच्या थरावर चिकटद्रव्य फवारून वस्तू छापण्याची पद्धत निघाली आणि त्यातून वाळूचा साचाच थेट छापता येऊ लागला. दोन-चार नग हवे असतील तर आता बरेचदा पॅटर्न कुणी करत बसत नाही. हजारो हवे असतील तर प्लेट लागतेच, पण ती कॅड फाइलवरून, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यावरून, सीएनसी या संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कापली जाते. एकेकाळी रोजीरोटी देणारी दोन्ही टोकं अशी हातची गेली.

संघटनेची ताकदही याच काळात ओसरली. १९७७ मध्ये इलिनॉय-विस्कॉन्सिन सीमेवरच्या रॉकफर्ड-बेलॉइट भागात लीगने संप केला. संपात असताना राजीनामा देता येणार नाही असा तिचा नियम होता. काही सभासद राजीनामा देऊन कामावर परतले आणि लीगने त्यांना संपकाळातल्या कमाईएवढा दंड लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला आणि दंड बेकायदा ठरला. अमेरिकी कामगार कायद्यात हा खटला आजही शिकवला जातो, ज्यांनी तो लढवला त्यांचा धंदा विरत चालला असला तरी. १९९१ मध्ये लीग यंत्रकामगारांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली.

आज जो माणूस कॅडवर पॅटर्न प्लेट मांडतो आणि सीएनसीचा प्रोग्राम लिहितो, त्याची नोंद यादीत बहुधा प्रोग्रामर किंवा टूलमेकर म्हणून होते. म्हणजे पॅटर्नमेकरांच्या घसरणीतला काही भाग खरा, काही भाग नाव बदलल्याचा. नोकरी शोधणाऱ्याने म्हणूनच फक्त त्या एका ओळीकडे बघून निर्णय घेऊ नये. नुसतं रेतकाम येणाऱ्याला मागणी घटली आहे. सीएनसी आणि ओतकाम दोन्ही कळणारा मात्र फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, सहजी सापडत नाही, कारण जुनी पिढी निवृत्त होत गेली आणि उमेदवारीच्या जागा त्या वेगाने भरल्या नाहीत.

ती खास पट्टी आता सॉफ्टवेअरमधला एक चौकोन झाली आहे, त्यात बिडासाठी १.०१० भरायचं. पण मध्ये जाड, कडक कोर असेल तर थंड होताना धातूला तो अडवतो, त्या दिशेला आकसणं कमी होतं, आणि लांबीला एक आकडा नि रुंदीला दुसरा घालावा लागतो. चौकोनात काय भरायचं ते सॉफ्टवेअर अजून माणसालाच विचारतं.